पाकिटांचा हिशेब: रोख पैशांत घरखर्च कसा बसवावा

पद्धत एका ओळीत सांगता येते. महिन्याचा वरखर्च बाबवार वेगवेगळ्या पाकिटांत रोख भरून ठेवायचा आणि पाकीट रिकामं झालं की त्या बाबीचा खर्च थांबवायचा. तरीही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती बारगळते, आणि दरवेळी दोष उधळपट्टीचा नसतो. पुष्कळदा पाकिटावर लिहिलेला आकडाच चुकलेला असतो.

म्हणून आधी मागच्या ३ महिन्यांच्या बँकेतल्या नोंदी आणि सापडतील तेवढ्या पावत्या काढून बसा. भाडं, कर्जाचे हप्ते, वीजबिल असे ठरल्या तारखेला जाणारे खर्च खात्यातूनच जाऊ द्या, त्यांना पाकीट नको. पाकीट हवं ते हात सैल सुटतो तिथे: किराणा-भाजी, प्रवास, बाहेरचं खाणं, घरातली किरकोळ खरेदी, प्रत्येकाचा हातखर्च. पाच-सहा पाकिटं पुरतात. दहा-बारा केली की साबण किराण्यात धरायचा की घरसामानात, यावरच वाद सुरू होतात.

समजा, किराण्याला ३ महिन्यांत ५,७००, ६,२०० आणि ६,७०० गेले. सरासरी ६,२००, तेवढेच धरा. पहिल्याच महिन्यात ५,००० वर आणायचा उत्साह नको. आधी आहे तो खर्च आकड्यात बसू द्या, कात्री नंतर लावता येते.

आता महिन्याची वाटणी. इथे सर्रास चूक होते ती ४ ने भागण्याची. ६,२०० भागिले ४ म्हणजे आठवड्याला १,५५०. पण ३१ दिवसांच्या महिन्यात ४ आठवडे होऊन वर ३ दिवस उरतात, आणि त्या ३ दिवसांसाठी पाकिटात काहीच नसतं. नेमकं तेव्हाच कार्ड बाहेर येतं. त्याऐवजी दिवसांनी भागा: ६,२०० भागिले ३१ म्हणजे रोजचे २००. आठवड्याला १,४००, आणि शेवटच्या ३ दिवसांचे ६०० वेगळे.

सगळ्या महिन्याची रोकड घरात ठेवू नका. चोरीची भीती आहेच, शिवाय भरलेलं पाकीट दिसलं की खर्च करताना हात आखडत नाही. आठवड्यातून एक वार ठरवून तेवढ्याच आठवड्याचे पैसे काढा. नोटा मोठ्या नकोत. १,४०० साठी १०० च्या १० आणि ५० च्या ८ अशा असतील तर सुट्ट्यांसाठी दुसऱ्या पाकिटात हात घालावा लागत नाही. एकदा का दोन पाकिटांची चिल्लर एकत्र झाली की हिशेब लागणं कठीण.

नोंदीला वही नको, पाकिटाची पाठ पुरते. ३ तारखेला ४२० खर्च झाले, तर एवढंच लिहायचं:

३ ता. / गेले ४२० / उरले ९८०

लिहायचं ते पैसे काढतानाच, आणि ‘उरले’चा आकडा आतल्या नोटा मोजून ताडून पाहायचा. रात्री आठवून लिहू म्हटलं की दोन दिवसांत तोंडमिळवणी सुरू होते.

फोनवरून किंवा कार्डाने पैसे देणं पूर्ण टाळता येत नाही, त्याची गरजही नाही. किराण्याचे ३५० फोनवरून दिलेत? घरी येताच किराण्याच्या पाकिटातून ३५० काढून ‘बँकेत परत’ असं लिहिलेल्या पाकिटात टाका. पुढच्या आठवड्याला पैसे काढताना तेवढे कमी काढायचे. ही एक पायरी गाळली तर एकच खर्च दोन ठिकाणांहून होतो, आणि पाकिटात पैसे उरल्याचा खोटा आनंद मिळतो.

एका पाकिटातून दुसऱ्यात उसनवारी होणारच. बंदी घालण्यात अर्थ नाही, चिठ्ठी मात्र हवी: प्रवासाने किराण्याकडून १५० घेतले, अमुक तारखेला. महिनाअखेर चिठ्ठ्या बघा. एकच पाकीट सलग ३ महिने मागत असेल तर तिथला आकडा वाढवा आणि तेवढाच दुसरीकडून कमी करा. एकूण बेरीज वाढवायची नाही.

वर्षातून एकदा येणारे खर्च (विमा, शाळेची फी, मोठी दुरुस्ती) या पाकिटांत घालू नका, ते वेगळ्या बचत खात्यात साठवा. रक्कम काढताना १२ ने नव्हे, हातात उरलेल्या महिन्यांनी भागा. ९,००० चा विम्याचा हप्ता ६ महिन्यांवर आला असेल, तर महिन्याला १,५०० बाजूला पडले पाहिजेत. ७५० टाकत राहिलात तर भरायच्या दिवशी निम्मीच रक्कम जमलेली असेल. तो भरून झाला की पुढच्या वर्षासाठी ७५० चालतील.

पाकिटं कोणाकडे राहणार हेही आधीच ठरवा. खरेदी दोघं करत असतील तर किराण्याची दोन पाकिटं करा, १,००० आणि ४०० अशी, ज्याची खरेदी जास्त त्याच्याकडे मोठं. हातखर्चाच्या पाकिटाचा हिशेब मात्र कोणी कोणाला विचारायचा नाही.

आठवडा संपताना उरलेले पैसे त्याच पाकिटात राहू द्या, पुढच्या आठवड्यात पाहुणे आले की ते कामी येतात. महिनाअखेर उरले ते वार्षिक खर्चाच्या खात्यात भरा आणि नवीन महिन्याला कोरं पाकीट घ्या. जुनी ३ महिने टाकू नका, पुढचे आकडे त्यांच्या पाठीवरूनच काढायचे आहेत.