एसी लावताय? आधी अर्थिंगचा खड्डा उघडा

शिमग्याचा गुलाल निघायच्या आत या कामाला लागा. एप्रिल उजाडला की मेकॅनिक फोन उचलत नाही, मेमध्ये कोकणात चाकरमानी उतरले की तो नजरेलाही पडत नाही, आणि मिरग लागल्यावर बाहेरच्या भिंतीवर कोण चढणार?

फिल्टर धुणं, रिमोटचे सेल, ही काय सांगायची गोष्ट आहे? एसी किती टनाचा, एवढं मात्र नीट ठरवा. आपल्या दमट हवेत गरजेपेक्षा मोठा घेतलात तर तो खोली चटकन गार करून थांबतो, हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. मग गार पण चिकट खोलीत कूस बदलत राहायचं.

आता अर्थिंग, म्हणजे यंत्राच्या बॉडीवर उतरलेला करंट जमिनीत नेऊन सोडणारी तार आणि ती जिथे जोडतात तो खड्ड्यातला पाइप किंवा रॉड. मागच्या वेळी आमच्याकडे नवा एसी आला, स्टॅबिलायझर आला, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि वेगळा एमसीबीही (जादा भार आला की वीज तोडणारी कळ) आला. अर्थिंगकडे कोणी बघितलं नाही, मीही नाही. पावसाळ्यात गिझरच्या कॉइलमधून करंट उतरायला लागला आणि झिणझिण्या आल्या त्या गिझरला नव्हे, एसीच्या बाहेरच्या युनिटला. घरातल्या सगळ्या अर्थच्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यांची जमिनीत जाणारी तार खड्ड्यापाशीच तुटलेली असली, तर एकाचा करंट सगळ्यांच्या अंगावर येतो. खड्ड्याचं झाकण काढलं तेव्हा क्लॅम्पचे गंजून पापुद्रे झालेले आणि तार पाइपाला नुसती टेकून उभी. बोर्डावर तीन पिनांचा सॉकेट झकास, बाकी ठणठणाट.

तेव्हा झाकण उघडा. इलेक्ट्रिशियन ‘आहे हो अर्थिंग’ म्हणाला तरी उघडायला लावा. मल्टिमीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्ट दिसले म्हणून हुरळून जाऊ नका, ते मीटर इतका थोडा करंट ओढतं की कुजक्या तारेवरही आकडा बरा येतो. अर्थ टेस्टर आणायला सांगा आणि रोध मोजून घ्या. घरासाठी तो पाच ओहमच्या आत असला तर उत्तम. आणि हे माप उन्हाळ्यातच घ्या. जुलैत जमीन भिजलेली असते, तेव्हा कुठलंही अर्थिंग पास होतं. आपली अडचण जांभ्याची आहे. सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, तीन-चार फुटांवर कातळ लागतो, रॉड पुढे जात नाही, आणि मेमध्ये वरची माती कोरडी ठाक. एक खड्डा पुरत नसेल तर अंतर ठेवून दुसरा मारा आणि दोन्ही जोडा. मीठ-कोळसा घालायची जुनी पद्धत आहे, पण त्याच मिठाने जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) लवकर खाल्ला जातो. तांब्याचा मुलामा असलेला रॉड आणि भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती), हे महाग पडतं पण टिकतं. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. सोबत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारी कळ) बसवा. तो बसवला म्हणून अर्थिंग नको, असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

बाहेरचं युनिट समुद्राकडे तोंड करून लावू नका. खारा वारा तांब्याच्या नळ्या आणि अॅल्युमिनियमच्या पात्यांच्या सांध्यात बसतो आणि पाती पिठासारखी भुगा होऊन गळतात. तिकडेच लावण्यावाचून इलाज नसेल तर वीज बंद करून गोड्या पाण्याने हलक्या धारेने धूत जा. प्रेशर पंप नको, पाती वाकतात. स्टँड साध्या लोखंडाचा असेल तर दोन पावसाळ्यांत त्याची अवस्था बघवत नाही. स्टेनलेस घ्या आणि नटबोल्टही त्याचेच घ्या, तिथेच कंजूषपणा होतो. चिऱ्याच्या भिंतीत फास्टनरची पकड विश्वासाची नसते. बोल्ट आरपार घेऊन आतून पट्टी मारा किंवा युनिट सरळ जमिनीवर काँक्रीटच्या ओट्यावर ठेवा. ३ जून २०२०चं निसर्ग वादळ श्रीवर्धन-दापोलीकडे ज्यांनी भोगलं, त्यांना यातलं कारण विचारावं लागणार नाही. युनिटच्या बॉडीला अर्थची तार स्क्रूने आवळलेली आहे ना, तेही बघा. होय, पुन्हा अर्थिंग.

‘गॅस कमी झालाय, भरून देतो.’ हे ऐकलंत की सावध व्हा. गॅस खर्च होत नाही, यंत्रणा बंदिस्त असते. कमी झाला म्हणजे गळती आहे. आधी नटांच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधा, मग भरा. भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावायलाच हवा. थोडा गॅस सोडून नळ्यांतली हवा बाहेर काढणारे अजून आहेत, त्यांना दारातूनच वाटेला लावा. जुन्या आर-२२ गॅसच्या यंत्रात नवा आर-३२ गॅस घालायचा नाही. दाब वेगळा, तेल वेगळं, शिवाय आर-३२ थोडा का होईना पेट घेणारा वायू आहे.

कौलारू घरात आधी माळा किंवा छत बंदिस्त करा, नाहीतर गारवा कौलांच्या फटींतून आकाशात.

पाणी जाणाऱ्या पाइपाला सलग उतार हवा, आणि बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी. कुंभारमाशी त्या तोंडात मातीचं घर करते आणि पाणी पलंगावर ठिबकतं. युनिटमध्ये पाल शिरून कार्ड (सर्किट बोर्ड) जाळते, तिथल्या फटीही बुजवा.

गिझर: खाडीजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी टाकी खातं. आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, टाकीऐवजी तो झिजावा म्हणून. झिजला असेल तर बदला. कॉइल तपासून घ्या. आणि त्याची अर्थची तार.

महावितरणकडचा मंजूर भार बिलावर असतो, तो बघून गरज पडली तर वाढवून घ्या. जुनं यंत्र भंगारवाल्याला द्यायच्या आधी मेकॅनिककडून गॅस काढून घ्या, नाहीतर भंगारवाला अंगणातच नळी कापतो.