सोलापूरहून इंग्लंडात आलेल्यांसाठी : वसंतात समुद्रकाठी जाताना काय घालावे

एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो आणि इकडे नेमक्या त्याच दिवसांत ईस्टरची सुट्टी व मे महिन्यातील सोमवारच्या दोन सुट्ट्या येतात. त्यामुळे नव्याने आलेली आपली कुटुंबे या सुमारास आई-वडिलांना बोलावून घेतात आणि पहिली सहल ब्रायटन, बोर्नमथ किंवा व्हिटबी अशा समुद्रकाठच्या गावी काढतात. त्या सहलीच्या कपड्यांविषयी हे सविस्तर लिहीत आहे, कारण दरवर्षी नवीन मंडळी त्याच चुका करताना दिसतात आणि त्यांतील एक फार महागात पडते.

आपल्याकडे ऊन पाहून कपडे ठरतात. ऊन म्हणजे उष्णता हे आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते, की लंडनच्या घराच्या खिडकीतून लख्ख ऊन दिसले की सुती सदरा घालून माणूस व्हिक्टोरिया स्थानकावरून निघतो, तासाभराने ब्रायटनला उतरतो आणि उतार संपून समुद्र समोर आला की दोन्ही हात काखेत घालून उभा राहतो. एप्रिलमध्ये तिथल्या समुद्राचे पाणी जेमतेम ९-१० अंशांचे असते. जमीन उन्हाने लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते, म्हणून सकाळी शांत वाटलेला किनारा दुपारी, म्हणजे आपण डबा उघडून बसतो तेव्हाच, वाऱ्याने गारठतो. व्हिटबी किंवा स्कारबरोच्या बाजूला याच ऋतूत गार पाण्यावरून दाट धुकेही आत येते आणि दोन-चार मैल आत कडक ऊन असताना किनाऱ्यावर मात्र समोरचे दिसत नाही. तेव्हा अंदाज पाहताना तापमानाच्या आकड्यावर थांबू नका, वाऱ्याचा वेग पाहा. तो ताशी २० मैलांच्या आसपास असेल तर १२ अंश कित्येक अंशांनी कमी वाटणार, हे धरून चाला.

अंगावर तीन थर असावेत : आत अंगाला बसणारा पूर्ण बाह्यांचा बनियन किंवा थर्मल, त्यावर फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचे जाकीट) आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडवणारे टोपीचे विंडचीटर. नवी पेठेतून निघताना घेतलेला जाड विणीचा स्वेटर उबदार खरा, पण त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. त्याच्यावर विंडचीटर नसेल तर किनाऱ्यावर त्याचा उपयोग नाही. छत्री घरी ठेवा, ती पहिल्या झोतातच उलटते. विंडचीटर नवे घेणे परवडत नसेल तर इथल्या चॅरिटी दुकानांत, म्हणजे लोकांनी दान केलेल्या वापरलेल्या वस्तू विकणाऱ्या संस्थांच्या दुकानांत, चांगल्या स्थितीतील जाकिटे फार स्वस्तात मिळतात. दुसऱ्याने वापरलेले अंगावर घालायचे नाही, हा आपल्या लोकांचा संकोच मला समजतो, परंतु तो बाजूला ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. इथले चांगल्या नोकरीतले लोकही त्या दुकानांतून कपडे घेतात आणि त्यात कुणालाही कमीपणा वाटत नाही. या देशाची ही गोष्ट मला मनापासून आवडते. मात्र याच लोकांना अर्ध्या चड्डीत, उघड्या अंगाने वाळूत पडलेले पाहून त्यांचे अनुकरण करू नका. त्यांचा जन्म या थंडीत गेला आहे.

आता ती महागात पडणारी चूक. गणपतीपुळ्याला किंवा अलिबागला आपण अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरतो, कारण तिथले पाणी कोमट असते आणि कपडे अंगावरच वाळतात. इथे तसे कधीही करू नका. इतक्या गार पाण्यात एकदम उतरले की श्वास अडकतो, तो आवरता येत नाही आणि चांगला पोहणाराही काही क्षणांत घाबरतो. गुडघाभर पाण्यातून परतलात तरी प्रश्न उरतोच, कारण जीन्स सुती असते आणि सोलापूरच्या टॉवेलइतकेच पाणी पिते. ज्या गुणासाठी आपल्या गावचा टॉवेल देशभर विकला जातो, तोच गुण इथे अंगाशी येतो : ओली जीन्स दिवसभर वाळत नाही आणि वारा लागला की पायांतली ऊब ओढून घेते. अशा ओल्या कपड्यांत कुडकुडणाऱ्या मुलांना घेऊन किनाऱ्यावरच्या दुकानांतून दुप्पट दराने विजारी घेणारी आपली कुटुंबे मी वारंवार पाहिली आहेत. सहलीला जीन्स घालूच नका. चटकन वाळणारी पातळ विजार घाला आणि लहान मुलांसाठी मोज्यांसह कपड्यांचा एक पूर्ण जोड पिशवीत ठेवा.

आईसाठी वेगळा विचार करावा लागतो. फोटो चांगले यावेत म्हणून तिला रेशमी साडी नेसवण्याचा आग्रह मुलेच धरतात, हे मला मुळीच पटत नाही. पिअरवर, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या लांब धक्क्यावर, वारा पदर कठड्याबाहेर उडवतो, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने चष्मा सावरत ती चालते, आणि चपलेत शिरलेला खडा काढायला तिला हात मोकळा राहत नाही. तिला पंजाबी ड्रेस चालत असेल तर उत्तम. साडीच हवी असेल तर वजनदार सुती साडी, आत परकराखाली लोकरी लेगिंग, पदर खांद्यावर पिन लावून खोचलेला आणि त्यावर कमरेखाली येणारे जाकीट, अशी तयारी करा. साडीखाली मोजे-बूट बरे दिसत नाहीत, असे ती म्हणेल. तरीही घालायला लावा. ब्रायटनचा किनारा वाळूचा नसून गोट्यांचा आहे, तिथे चप्पल पायाखालून सरकते, आणि व्हिटबीच्या १९९ दगडी पायऱ्या पावसात निसरड्या होतात.

गार वाटते म्हणून ऊन सौम्य आहे असे समजू नका. एप्रिलच्या अखेरीस सूर्य इथे ऑगस्टच्या मध्याइतकाच वर असतो, त्यामुळे चेहऱ्याला सनस्क्रीन लावा आणि टोपी हनुवटीखाली बंद बांधता येईल अशीच घ्या. त्या दिवसांत उजेड रात्री आठपर्यंत राहतो, पण गारठा त्याच्या बराच आधी वाढतो. परतीची गाडी उशिराची असेल तर फ्लीस दुपारी काढले तरी पिशवीत जवळच ठेवा.