बडोद्याहून दक्षिण गुजरातेत जाताना शहर कसं निवडावं

बदली, नवी नोकरी किंवा मुलांच्या जवळ राहणं, कारण काहीही असो, बडोद्याची मराठी कुटुंबं दक्षिणेकडे जातात तेव्हा बहुधा सुरत, नवसारी, वलसाड आणि वापी या चारांतून निवड करायची असते. चारही गावं एकाच रेल्वेमार्गावर, बडोद्यापासून साधारण 130 ते 220 किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. भाडं, शाळा, दवाखाना हे सगळे बघतात. पुराचं पाणी कुठून आणि किती वेळात येतं, हे मात्र फार थोडे विचारतात. निवडीची सुरुवात तिथून करा.

पायरी 1 : इंच नाही, नदी बघा

बडोद्यात वर्षाला साधारण 35-40 इंच पाऊस पडतो. सुरतेत तो 50 इंचांच्या आसपास जातो, वलसाडकडे 80च्या वर, आणि डोंगरातल्या कपराडा तालुक्यात 100 इंच ओलांडतो. पण घरात पाणी शिरेल की नाही, ते या आकड्यांवरून कळत नाही. आजवा तलावाची पातळी आणि काळा घोड्याजवळची विश्वामित्रीची 26 फुटांची धोक्याची पातळी बडोदेकरांना तोंडपाठ असते. नव्या गावाचंही तेवढं गणित आधी शिकून घ्या.

सुरतेत तापीचा पूर मुख्यतः उकाई धरणातून सोडलेल्या पाण्यावर ठरतो. ऑगस्ट 2006मध्ये हेच झालं आणि शहराचा मोठा भाग बुडाला. मात्र धरण शहरापासून जवळजवळ 100 किलोमीटर वर आहे. सोडलेले क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) जाहीर होतात आणि हालचालीला काही तास मिळतात. सुरतेचं दुसरं पाणी खाड्यांचं, म्हणजे शहरातून वाहणाऱ्या मोठ्या नाल्यांचं. ते धरणाला विचारून येत नाही. लिंबायत, पर्वत पाटिया, पुणा या बाजूंना जोराच्या पावसात खाडी रस्त्यावर येते. अडचण अशी, की मराठी माध्यमाच्या महापालिका शाळा आणि खानदेशी शेजार ज्या लिंबायत-उधना पट्ट्यात मिळतो, त्यातलाच काही भाग सखल आहे. तिथे राहायचं असेल तर गल्ली पारखून घ्या आणि पहिल्या मजल्याच्या खाली घर घेऊ नका.

नवसारीच्या पूर्णा नदीवर मोठं धरण नाही. डांगच्या डोंगरात रात्री कोसळलेला पाऊस काही तासांत गावात उतरतो. इथे धोक्याची पातळी 23 फूट. भेंसतखाडा, शांतादेवी रोड ही नावं पुराच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात. वलसाडच्या औरंगेचंही तसंच, कश्मीरनगर आणि हनुमान भागडा आधी पाण्याखाली जातात. वापीच्या वर दमणगंगेवर मधुबन धरण आहे, त्यामुळे इशारा मिळतो. तिथली खरी चिंता हवेची आणि सांडपाण्याची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009च्या यादीत देशात अंकलेश्वरच्या खालोखाल वापी होतं. घरात दम्याचा माणूस असेल तर आमच्या मते वापी सोडून द्यावी.

पायरी 2 : रोजची वाट

सुरतेत नोकरी आणि नवसारीत घर ही जोडी चालते, अंतर 30 किलोमीटर आहे आणि गाड्या भरपूर. सुरतेतच रांदेर-कतारगाम ये-जा असेल तर सिंगणपोरचा कॉजवे पावसाळ्यात बंद होतो, हे लक्षात ठेवून पुलावरून लागणारा वेळ धरा. वापी-वलसाडच्या गाड्या वसई-नालासोपाऱ्याच्या बाजूला रुळांवर पाणी आलं तरी रखडतात.

 

पायरी 3 : अमावास्येला जाऊन बघा

इथल्या नद्यांच्या मुखाशी भरती मोठी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं, आणि त्याच वेळी पाऊस असेल तर नाल्यांचं पाणी समुद्राकडे जायच्याऐवजी गावात तुंबतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये, सलग दोन-तीन दिवस पाऊस झाल्यावर, अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास पाहणी करा. दलालाला विचारू नका. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, की पोती कुठल्या फळीवर चढवता.

पायरी 4 : घर तपासणं

- वीज मीटरची खोली बेसमेंटमध्ये असेल तर पाणी ओसरलं तरी वीज दिवसेंदिवस येत नाही. मीटर आणि जनरेटर रस्त्याच्या पातळीपेक्षा निदान चार फूट वर हवेत.
- भूमिगत टाकीचं झाकण आवाराच्या लादीला टेकलेलं असेल तर गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतं. झाकणाचा कठडा दीड-दोन फूट उंच असावा.
- तळमजल्यावर संडासातून पाणी उलटं येतं का, हे शेजाऱ्यांना विचारा. येत असेल तर बाहेरच्या नळीला एकतर्फी झडप लागते. टेनामेंट (स्वतंत्र बैठं घर) घेणाऱ्यांनी हे आधी बघावं.
- पाऊस नैऋत्येकडून येतो. त्या बाजूच्या भिंतीला आतून हात लावा. ताजा रंग आणि खाली फुगलेला गिलावा दिसला तर ओल झाकलेली आहे.
- सुरत-नवसारीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या निघालेल्या भेगा दिसल्या तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.

पायरी 5 : कागद आणि सामान

विकत घेताना टीपी स्कीमच्या (नगररचना योजनेच्या) नकाशात जवळचा नाला कुठून जातो ते बघा आणि प्रकल्प गुजरात रेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर शोधा. 'भारत गृह रक्षा' विम्यात पूर धरलेला असतो. गाडीच्या विम्यात इंजिनाचं संरक्षण वेगळं मागावं लागतं.

सामान मेच्या तिसऱ्या आठवड्याआधी हलवा. वर्षाचे गहू भरायची सवय असेल तर वलसाड-वापीत ती बदला. दोन-तीन महिन्यांपुरतेच, एरंडेल चोळून, घट्ट झाकणाच्या कोठीत भरा आणि कोठी नैऋत्येच्या भिंतीपासून दूर, पाटावर ठेवा.