नऊ नाण्यांतील खोटे नाणे दोनदा तोलून कसे शोधावे?

नऊ सारख्या दिसणाऱ्या नाण्यांपैकी एकच खोटे आणि इतरांपेक्षा हलके असेल, तर ते साध्या तराजूवर २ वेळा तोलून शोधता येते. बहुतेकांचा हात प्रथम ४-४ अशा वाटणीकडे जातो आणि तिथेच डाव फसतो, कारण तराजू २ नव्हे तर ३ उत्तरे देतो, हे लक्षात येत नाही: डावे पारडे वर, उजवे वर किंवा दोन्ही समतोल. म्हणून ३-३ नाण्यांचे गट करून दोन गट तोलावेत; वर गेलेल्या पारड्यात, आणि समतोल राहिल्यास बाजूला ठेवलेल्या तिसऱ्या गटात, खोटे नाणे असते. त्या तिघांपैकी दोन पुन्हा तशीच तोलावीत. याच रीतीने २७ नाण्यांना ३ तोल पुरतात. खोटे नाणे हलके की जड हेही शोधायचे असल्यास मात्र तेवढ्याच तोलांत १२ नाण्यांपर्यंतच मजल जाते, आणि ते कोडे बरेच चिवट आहे.