शेंगवर्गीय पिकांतली मूळकूज: बीजप्रक्रिया नेमकी कशी करावी

बीजप्रक्रिया, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध लावणं, रोपाला साधारण पहिले दोन-तीन आठवडे सांभाळते. पुढे औषधाचा असर ओसरतो आणि मुळंही औषध लागलेल्या जागेपासून लांब गेलेली असतात. बी जमिनीत कुजणं, कोंब मरणं, रोपं कोलमडणं यांवर ती खात्रीचा उपाय आहे. फुलोऱ्यात उभं झाड वाळत असेल, तर तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. तिथे फेरपालट, पाण्याचा निचरा आणि प्रतिकारक वाण हेच खरे उपाय.

औषध निवडण्याआधी मागच्या हंगामात कोणती कूज होती ते ओळखा. थंड, पाणी साचणाऱ्या जमिनीत बी मऊ पडून सडतं किंवा रोप उपटताना मुळाची साल निसटून आतला दोरा तेवढा उरतो, ते काम बहुधा पिथियम या सूक्ष्मजीवाचं. जमिनीलगत खोडावर तांबूस-तपकिरी, खोलगट चट्टा असेल तर रायझोक्टोनिया सोलानी ही बुरशी. तापमान 30 अंशांच्या वर आणि जमिनीला ओलीचा ताण, अशात कोरडी मूळकूज येते: सोटमूळ काळपट आणि ठिसूळ होतं, उपटताना तुटतं, बारीक मुळं झडलेली असतात, आणि साल खरवडली की आत कोळशाच्या भुकटीसारखे काळे ठिपके दिसतात. मुळं बाहेरून धड आणि उभी चीर दिल्यावर मधोमध काळपट रेघ, ही फ्युजेरियम बुरशीची मर, म्हणजे झाड वाळण्याचा रोग.

ही ओळख महत्त्वाची, कारण पिथियम ही खरी बुरशी नाही आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचा तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. तिथे मेटालॅक्सिल लागतं. उलट मेटालॅक्सिल फ्युजेरियम किंवा रायझोक्टोनियाला रोखत नाही. कार्बोक्सिन रायझोक्टोनियावर चांगलं चालतं, आणि थायरम सगळ्यांवर थोडंफार, पण फक्त बियाच्या पृष्ठभागावर. सर्वसाधारण परिस्थितीत कार्बोक्सिन 37.5 टक्के अधिक थायरम 37.5 टक्के हे संयुक्त औषध किलोला 3 ग्रॅम, किंवा थायरम 2 ग्रॅम अधिक कार्बेन्डाझिम 1 ग्रॅम. यातली काही औषधं बऱ्याच देशांत बंद आहेत, म्हणून डब्यावरच्या लेबलात तुमचं पीक आहे का ते पाहा. मात्राही तिथलीच धरा.

प्रक्रियेआधी बियाणं चाळून माती, फुटके दाणे, सुरकुतलेले दाणे काढा. धुळीवरच औषध चिकटलं तर ते दाण्याला लागत नाही. 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. जुनं, कमकुवत बी औषधाने सुधारत नाही.

10 किलो बियाण्यासाठी 30 ग्रॅम औषध 50 मिली पाण्यात कालवून पातळ लगदा करा. ड्रम अर्ध्याहून थोडा जास्त भरा, लगदा दोन-तीन वेळा विभागून टाका आणि सावकाश फिरवा. हातमोजे आणि तोंडाला मास्क हवाच. मूठभर दाणे काढून नीट बघा: डोळ्याजवळची खाचही रंगली असेल तर काम झालं. सोयाबीन आणि भुईमुगात पाणी वाढवू नका, चोळू तर मुळीच नका. साल पातळ असते. ओल जास्त झाली की ती सुरकुतते, सुटते, दळं वेगळी होतात आणि उगवण जाते. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

क्रम असा: आधी बुरशीनाशक, ते वाळल्यावर गरज असेल तर कीटकनाशक, आणि सगळ्यात शेवटी रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी करून पिकाला नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंचं संवर्धक. 10 किलोला 250 ग्रॅम पावडर संवर्धक, 125 ग्रॅम गूळ 1 लिटर पाण्यात उकळून पूर्ण गार केलेल्या द्रावणात कालवून. द्रावण लागेल तेवढंच घ्या. पातळ सालीच्या बियांना द्रवरूप संवर्धक, 10 किलोला 100 मिली, सोयीचं पडतं. संवर्धक पिकाचंच हवं: सोयाबीनचा जिवाणू हरभऱ्याच्या मुळांवर गाठी करत नाही. सावलीत अर्धा तास वाळवा, उन्हात नाही. जिवाणू लावलेलं बी त्याच दिवशी पेरा; नुसतं बुरशीनाशक लावलेलं काही दिवस आधीही तयार ठेवता येतं.

ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशींना रोखणारी उपयोगी बुरशी किलोला 5 ग्रॅम लावायची असेल, तर त्या बियाला कार्बेन्डाझिम लावू नका. ती शेवटी एक बुरशीच आहे, मरून जाते. दोन्ही हवे असतील तर रासायनिक औषध बियाला द्या आणि ट्रायकोडर्मा जमिनीत: 1 किलो, 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून आठवडाभर सावलीत झाकून.

औषध लावलेलं बी पेरणी यंत्रातून कमी सरकतं. जुन्या मापावर पेरलं की रोपं विरळ येतात आणि दोष औषधाला दिला जातो. म्हणून यंत्र पुन्हा तपासून लावा. दोन-चार ओळींमध्ये औषधाविना बी टाका आणि पंधरा-वीस दिवसांनी दोन्हीकडची रोपं मोजा. फरक दिसला नाही, तर त्या शेतात हे औषध किंवा रोगाचा अंदाज चुकला आहे. वाटाण्यात ॲफॅनोमायसिस हा मूळकूज करणारा सूक्ष्मजीव असेल, तर तो जमिनीत वर्षानुवर्षं टिकतो. तिथे 6 ते 8 वर्षं वाटाणा न घेणं हाच भक्कम उपाय.

उरलेलं बी जनावरांना घालू नका, खाण्याच्या धान्यात मिसळू नका. पोत्यावर ठळक खूण करून वेगळं ठेवा.