ट्रॅक्टरचा रोलर शेतात कसा जोडावा, कसा चालवावा

नांगरट झाली, कुळवाच्या पाळ्या झाल्या, तरी रान आतून पोकळ राहिले तर बी मातीत पडते, पण मातीला धरत नाही. बियाभोवती हवा राहते, खालची ओल वर चढत नाही आणि उगवण तुटक होते. ही पोकळी मोडणे हे रोलरचे, म्हणजे ट्रॅक्टरमागे फिरत माती दाबणाऱ्या जड ड्रमचे किंवा लोखंडी कड्यांच्या रांगेचे, खरे काम. ढेकळे फुटेनात की बहुतेकांचा हात आधी वजनाकडे जातो. माझ्या मते वजन सगळ्यात शेवटी वाढवावे. आधी वाफसा (मातीत कामाजोगी ओल) पाहावा, मग वेग, आणि तेवढ्याने भागले नाही तरच वजन.

वाफसा बघायला पेरणीच्या खोलीवरची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा फुटून माती मोकळी झाली तर रोलर बाहेर काढा. गोळा चपटा होऊन तसाच पडला तर त्या दिवशी रोलर जागेवरच बरा. ओल्या रानात माती ड्रमला चिकटते, सोबत बीही उचलते आणि खाली कडक थर बसतो. तो पुढच्या मशागतीपर्यंत मुळांना आडवा येतो. उलट रान फार वाळले असेल तर मोठी ढेकळे न फुटता नुसती मातीत रुततात. वरून सपाट दिसते, आत पोकळी तशीच. भारी चिकण जमिनीत नेमका वाफसा फार वेळ टिकत नाही, म्हणून रोलर आधीच तयार ठेवावा.

तयारी म्हणजे काय? दोन्ही टोकांच्या बेअरिंगला ग्रीस द्या, रोलर हाताने फिरवून अडखळत नाही ना ते पाहा, हिच पिनला (रोलर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या खिळीला) लॉक लावा. कड्यांचा रोलर असेल तर कडी एकमेकांवर घासून झिजतात आणि मधली ढिलाई वाढत जाते. शाफ्टचा नट आवळून ती कमी करा, पण प्रत्येक कडे स्वतंत्र फिरेल एवढी जागा ठेवा. गच्च आवळले तर वळणावर कडी फिरण्याऐवजी माती ओरबाडतात. स्क्रॅपर (चिकटलेली माती खरवडणारी पट्टी) ड्रमला टेकू नये. काही मिलिमीटरची फट पुरे.

आता जुळणी. इथे घाई करू नका. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा आणि बाजूने पाहा: रोलरची चौकट जमिनीला समांतर हवी. ओढून न्यायच्या रोलरला ड्रॉबारची (ट्रॅक्टरमागच्या ओढदांड्याची) उंची बदलून ती समांतर येते. थ्री-पॉइंटला (ट्रॅक्टरमागच्या दोन खालच्या आणि एका वरच्या दांड्याच्या जोडणीला) जोडलेल्या दोन रांगांच्या रोलरला टॉप लिंक, म्हणजे वरचा दांडा, वापरावी लागते. टॉप लिंक आखूड केली की पुढची रांग जास्त दाबते आणि मागची उचलते. लांब केली की उलट. दोन्ही खालच्या लिंक सारख्या लांबीच्या ठेवा, नाहीतर एक बाजू दाबली जाईल आणि दुसरी कोरी राहील. काम करताना हायड्रॉलिकचा लिव्हर पूर्ण खाली, म्हणजे रोलर जमिनीच्या चढउताराप्रमाणे मोकळा वरखाली होतो. लिफ्टवर अर्धवट टांगलेला रोलर दाबत नाही, नुसता फिरतो.

वेग ताशी 5 ते 8 किलोमीटर ठेवा. हळू चालवले की प्रत्येक ढेकळावर दाब जास्त वेळ राहतो. रोलर उड्या मारू लागला तर वेग नक्कीच जास्त आहे. उडी मारली तिथे दाब शून्य आणि आपटला तिथे नको तेवढा.

पहिले 20-30 मीटर चालवा आणि थांबा. इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला, मगच खाली उतरा. दाबलेल्या पट्ट्यावर चालून पाहा: पाऊल रुतता कामा नये, फक्त उथळ ठसा उमटावा. मग खुरप्याने बियाच्या खोलीपर्यंत उकरा. बियाला माती भिडलेली हवी, पण बोटाने सहज फुटायला हवी. पापुद्र्यासारखा थर निघाला तर वजन उतरवा. माती अजून सैल असेल तर आधी वेग कमी करा, मग वजन वाढवायला ड्रममध्ये पाणी भरा. पाण्याचा हिशेब सोपा आहे: एक लिटर म्हणजे एक किलो. 60 सेंटिमीटर व्यासाचा आणि 2 मीटर लांबीचा ड्रम पूर्ण भरला की सुमारे 565 किलो वाढतात, त्यामुळे थोडे थोडे भरून परत उकरून पाहणेच शहाणपणाचे.

पट्टे सरळ घ्या आणि मागच्या पट्ट्यावर 10-15 सेंटिमीटर चढवा. टोकाला जागच्या जागी वळू नका. माती एका बाजूला ढकलून ढीग होतो. उचलता येणारा रोलर उचलून वळवा, ओढायचा असेल तर मोठा फेर घ्या. वळणाची कड शेवटी दाबली की चाकांच्या खुणाही मिटतात. पेरणीनंतर रोलर लगेच फिरवावा. कोंब वर येऊ लागल्यावर फिरवला तर ते मोडतात. गाळाच्या बारीक मातीत, पाऊस यायच्या बेतात असेल तर, गुळगुळीत ड्रमपेक्षा कड्यांचा रोलर बरा. त्याच्या बारीक सऱ्यांमुळे वर पापडी कमी धरते.

उतारावर एक गोष्ट विसरू नका: ओढायच्या बहुतेक रोलरना स्वतःचे ब्रेक नसतात, तो ट्रॅक्टरला मागून ढकलतो. उतार लागण्याआधीच लहान गिअर टाका, क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका. ट्रॅक्टर आणि रोलरच्या मध्ये उभे राहून कोणी पिन काढू नये, ट्रॅक्टर पुरता थांबेपर्यंत तर नाहीच. सोडायचा तो सपाट जागी, दोन्ही बाजूंना अडसर लावून. ओतीव लोखंडाची कडी दगडी रस्त्यावर आपटून तडकतात, तेव्हा रस्त्यावर चालच हळू ठेवा. हंगाम संपला की ड्रममधले पाणी काढून टाका, झाकण थोडे उघडे राहू द्या. आत गंज धरला तर बाहेरून दिसत नाही.