सरांनी इंटर्नलमध्ये हात आखडता घेतला, तर?

गावातून तालुक्याच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरापोरींचं एक गाऱ्हाणं हमखास असतं: सर आपल्यावर डूख धरून आहेत. आधी ताडून पहा. तुमच्याएवढीच हजेरी असलेल्या दोघातिघांचे इंटर्नलचे, म्हणजे कॉलेजातच सर देतात ते गुण विचारा. सर सगळ्यांनाच हात राखून देत असतील तर तो स्वभाव झाला. एकट्या तुमचेच कापले असतील, तर वही उघडा.

वहीत तारीख, तास, सर जे बोलले ते जसंच्या तसं आणि तेव्हा कोण हजर होतं, ते त्याच दिवशी लिहा. नाल्याला पूर आला, एसटी आलीच नाही आणि तुमची गैरहजेरी लागली, तर पुलावरच्या पाण्याचा फोटो काढून ठेवा.

मग सरांनाच भेटा. वर्गात नाही, तासानंतर. ‘मले कमी काहून देल्ले?’ असं अंगावर जाण्यापेक्षा ‘सर, सेमिनारचे गुण कसे लावले?’ असं विचारा. वऱ्हाडी बोलायची लाज नको, फक्त आवाज चढू देऊ नका. कधी कधी चूक यादी भरणाऱ्या बाबूचीच निघते.

तरी जमलं नाही तर अर्ज. इथंच पोरं मागं सरतात, कारण ‘प्रॅक्टिकलमध्ये पाडतील’ ही भीती काही खोटी नाही. माझ्या मते म्हणूनच प्रॅक्टिकलच्या आधी अर्ज द्यावा. तक्रार कागदावर आली की सूड उगवणाऱ्याचाही हात जरा थांबतो. चौघांचं गाऱ्हाणं एकच असेल तर चौघांनी सह्या करा. प्राचार्यांच्या नावे एकच पान, दोन प्रती. बाबू म्हणेल, ‘ठेवून जा.’ नुसतं ठेवून येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. देत नसेल तर स्पीड पोस्टनं पाठवा.

अर्जात ‘विद्यार्थी तक्रार निवारण समितीपुढे ठेवावा’ हे वाक्य हवंच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या विनियमांप्रमाणे समितीनं कामाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो पटला नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील: गडचिरोली-चंद्रपूरवाल्यांनी गोंडवाना विद्यापीठात, यवतमाळ-वाशीमवाल्यांनी अमरावतीला.

विद्यापीठाच्या पेपरात गडबड वाटली तर माहिती अधिकारात तपासलेली उत्तरपत्रिका मागता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच तसं सांगितलंय. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा.

जातीवरून शिवीगाळ किंवा मुलीशी लगट असेल, तर सरांना भेटून समजूत काढायच्या भानगडीत पडू नका. पहिल्यासाठी ॲट्रॉसिटी कायदा आणि पोलीस ठाणं, दुसऱ्यासाठी कॉलेजची अंतर्गत समिती. तिथं तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते.

व्हॉट्सॲप स्टेटसवर सरांचं नाव टाकू नका, उलट तुमच्यावरच तक्रार व्हायची. आणि शिक्क्याची ती प्रत डिग्री हाती पडेपर्यंत घरच्या पेटीत, सातबाऱ्याच्या शेजारी ठेवा.